शुश्रूषा करणारीची शुश्रूषा

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, लोकलगाड्या थांबल्या, आणि कसारा मार्गावरील आमच्या आटगांवाहून कल्याण-मुंबईकडे नोकरीस जाणारी मंडळी घरींच राहिली. घर भरलेलें आहे, तेव्हां वृद्धांची काळजी आतां उत्तम घेतली जाईल, असें पुष्कळांस वाटलें. ज्या घरांत स्मृतिभ्रंशाचा रोगी होता, तेथें मात्र अनुभव उलटा आला.

या रोगांत पूर्वायुष्य बराच काळ आठवतें, परंतु घटकेपूर्वींचें राहत नाहीं. म्हणून रोगी दिनक्रमाच्या आधारानें चालतो. ठरल्या वेळीं चहा, ठरल्या वाटेनें फेरी, देवळापाशीं तींच चार माणसें. टाळेबंदीनें हा आधार एका दिवसांत काढून घेतला. बाहेर कां जावयाचें नाहीं हें त्यास समजावून सांगावें, तर दहा मिनिटांनीं स्वारी पुनः वहाणा घालून दाराशीं उभी! मुखपट्टी बांधलेला पोटचा मुलगाहि परका वाटावा. दिवस मावळतांना बेचैनी वाढणें, हा तर या रोगांतील नेहमींचा अनुभव.

आमच्या परिचयाच्या एका घरीं नऊ माणसें होतीं. एरवीं मंडळी कामास गेली म्हणजे थोरल्या सूनबाईंस दुपारीं दोन तास मिळत. शेजारचे एक गृहस्थ मामंजींपाशीं येऊन बसत. टाळेबंदींत ते येईनासे झाले, स्वयंपाक दुप्पट झाला, आणि जन्मभर लोकलनें कचेरीस गेलेले मामंजी "गाडीची वेळ झाली" म्हणून वारंवार दाराकडे धांव घेऊं लागले. त्यांना अडविणारी एकटी सून. एके दिवशीं त्या मामंजींवर ओरडल्या व मग रात्रभर रडल्या. हें त्यांनींच पुढें आमच्या कुटुंबास सांगितलें. मला त्यांच्या ओरडण्याचें नवल वाटलें नाहीं; घरांतील बाकीच्या सातांच्या स्वस्थतेचें वाटलें.

'शुश्रूषा' हें 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून झालेलें नाम; मूळ अर्थ, ऐकण्याची इच्छा. तोच प्रश्न वीस वेळां ऐकणाऱ्या सुनेकडे पाहिलें म्हणजे हा अर्थ पटतो. पण तिचें कोण ऐकतो? मृत्यूच्या शोकास निदान सुतक असतें, लोक भेटीस येतात. डोळ्यांसमोर असलेलें माणूस रोज थोडें थोडें हरवत जाण्याचा शोक वर्षानुवर्षें चालतो, आणि त्याच्या सांत्वनास कोणी येत नाहीं. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटांत संस्कृताचे पंडितच या रोगानें ग्रासलेले दाखविले आहेत. पाठांतर केलें म्हणजे स्मृति अभंग राहते असें मानणाऱ्या आम्हां लोकांनीं तो अवश्य पाहावा, आणि त्यांतील मुलीची दमणूकहि पाहावी.

महामारी ओसरली, हा रोग ओसरत नाहीं. साठी उलटलेल्या सुमारें ८८ लाख भारतीयांस तो असावा, असा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. एकत्र कुटुंबांत माणसें असतात, परंतु पाळी ठरलेली नसते, हें खरें दुखणें. "कांहीं मदत करूं का?" असें विचारणारा दीर उपयोगाचा नाहीं, "दुपारीं दोन ते चार मी बसतों" म्हणणारा उपयोगाचा. त्यानें रोग्याशीं वाद घालूं नये. गाडीची वेळ झाली म्हटल्यास बरोबर अंगणांत जाऊन एक फेरी मारून यावें. सुनेची झोंप उडाली, अन्न नकोसें झालें, तर टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झाली. आणि त्या दोन तासांत तिनें निजावें, माहेरीं फोन करावा, कीं नुसतें बसून राहावें, हें तिचें तिला ठरवूं द्यावें. त्या वेळांत तिच्यापुढें निवडावयास तांदूळ ठेवूं नयेत.