मोपावरची टॅक्सी आणि नवा भाटकार

11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. मोपा, चांदेल, कासारवर्णे, वारखंड, उगवे या गावांच्या काजूच्या बागा आणि गुरे चरायचे सडे त्यात गेले. त्या बदल्यात पेडणेकरांना जे चार धंदे मिळतील असे सांगितले जात होते, त्यांत टॅक्सीचा धंदा पहिला. मुलांनी कर्जे काढून गाड्या घेतल्या. विमानतळावर स्थानिकांच्या निळ्या टॅक्सींसाठी काउंटर झाला, अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सींचाही झाला, आणि भांडणाला तोंड फुटले.

हे भांडण पेडण्यात जन्मलेले नाही. ऑगस्ट 2018 मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाशी करार करून ‘गोवामाइल्स’ हे अ‍ॅप आले, तेव्हापासून ते धुमसते आहे. एप्रिल 2021 मध्ये टॅक्सीवाल्यांनी पणजीत ठाण मांडले. 2025 च्या सुरुवातीला पेडण्यात माणसे रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने अ‍ॅप कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. त्यावर हरकतींचा ढीग पडला आणि अखेर मसुदा मागे घेत असल्याचे सरकारने जाहीर केले.

त्या दिवशी आमच्यापैकी अनेकांना वाटले, आपण जिंकलो. आम्हाला तसे वाटत नाही. मसुदा गेला, अ‍ॅप गेले नाही. गेला तो फक्त अ‍ॅपवर बंधन घालू शकणारा राज्याचा नियम. तो मसुदा चांगला होता असे आमचे म्हणणे नाही. पण वाईट नियमाच्या जागी चांगला नियम मागायचा असतो. नियमच नको म्हटले की मग कंपनीचा करार हाच कायदा होतो, आणि तो करार आपण लिहिलेला नसतो.

पेडणे महालातल्या माणसाला हे उलगडून सांगायची गरज पडू नये. भाटकाराच्या जमिनीत आपल्या आज्या-पणज्यांनी घरे बांधली, शेते कसली. खंड किती, केव्हा द्यायचा, कोणाला ठेवायचे आणि कोणाला उठवायचे हे भाटकाराच्या तोंडी शब्दावर चाले. मुंडकाराच्या हातात कागद नव्हता, म्हणून त्याला हक्कही नव्हता. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात 1964 चा कूळ कायदा आला, 1975 मध्ये मुंडकार कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. त्या कायद्यांनी जमीन मोडीत काढली नाही आणि शेतीही बंद पाडली नाही. जमीन आणि माणूस यांच्यातला व्यवहार तोंडी होता, तो लेखी केला. सत्ता हलली ती तिथे.

अ‍ॅप हे आजचे भाट आहे. गाडी आपली, बँकेचा हप्ता आपला, पेट्रोल आपले. परंतु भाडे कोणाला लागणार, दर किती, कमिशन किती कापणार, गिऱ्हाइकाने दोन तारे कमी दिले तर काय होणार, हे सगळे दूर कुठल्या तरी संगणकात ठरते. एके दिवशी आयडी बंद झाला की चालक घरी बसला. का बंद झाला हे विचारायला जावे तर दार नाही. भाटकाराच्या घराला निदान पायरी तरी होती.

डिचोलीकरांनाही याची चव माहीत आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या आणि दारादारांत ट्रक उभे राहिले. ट्रक आपला होता, कर्ज आपले होते, पण ट्रिप किती मिळणार हे दुसरीकडे ठरत होते. स्वतःच्या नावावर गाडी असली म्हणजे माणूस धंद्याचा मालक झाला असे नव्हे, हा धडा डिचोली आणि सत्तरीने फार महाग किमतीत घेतला आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अ‍ॅप कंपन्यांना राज्याचा परवाना घेणे बंधनकारक ठरले. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने राज्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. भाड्याच्या निदान 80 टक्के रक्कम चालकाला मिळावी. गर्दीच्या वेळी दर मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा वाढू नये. भाडेवाटप कोणत्या हिशोबाने होते आणि चालकाकडून काय कापले जाते, हे कंपनीने उघड ठेवावे. फेऱ्यांची माहिती भारतातच साठवावी, किमान 3 महिने आणि कमाल 24 महिने. 1 जुलै 2025 च्या सुधारित तत्त्वांत गर्दीच्या दराची मर्यादा दुप्पट झाली, पण स्वतःच्या गाडीवाल्या चालकाचा 80 टक्क्यांचा वाटा कायम राहिला. हे सारे राज्याने आपल्या नियमांत उतरवले तरच चालकाच्या हाती काही लागते. म्हणजे आपण ज्या गोष्टी मागायला हव्यात त्या कागदावर लिहिलेल्या आहेत, आणि आपण मात्र कागदच फाडा म्हणून ओरडत आहोत.

2020 च्या तत्त्वांत आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे गोव्यात फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. अ‍ॅप इंग्रजी आणि हिंदीबरोबर त्या राज्याच्या राजभाषेतही असावे, असे तिथे म्हटले आहे. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय कामकाजात वापरण्याचे स्थान मिळाले. मराठीचा प्रश्न म्हणजे केवळ पाट्यांचा आणि पुरस्कारांचा प्रश्न असे समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ज्या करारावर आपल्या मुलाचा पोटापाण्याचा धंदा उभा आहे तो बारीक अक्षरांतल्या इंग्रजीत असेल आणि ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवण्यापलीकडे त्याला काही करता येत नसेल, तर भाषेचा हक्क कुठे गेला? बोट ठेवणे आणि अंगठा उठवणे यात फरक तो किती?

हा प्रश्न फक्त चालकांचा नाही. अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावणारा प्रवासीही आपले नाव, फोन नंबर, कुठून निघाला आणि कुठे उतरला हे सगळे देऊन बसतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याला काही हक्क दिले आहेत. आपली कोणती माहिती घेतली हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून टाकायला लावण्याचा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल, असेही त्यात आहे. मराठी त्या परिशिष्टात पहिल्यापासून आहे, कोकणी 1992 पासून. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत.

पण सरकारवरही डोळे झाकून विसंबता येणार नाही. ह्याच कायद्याने केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली आहे, आणि माहिती हक्क कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम बदलून नागरिकाच्या हातातले हत्यार बोथट केले आहे. एका हाताने हक्क द्यायचा आणि दुसऱ्या हाताने प्रश्न विचारण्याची वाट अरुंद करायची, असा हा प्रकार आहे. कंपनी आणि सरकार एकमेकांवर नियंत्रण ठेवतील असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दोघांवर नियंत्रण ठेवायचे तर ते आपल्यालाच ठेवावे लागेल.

हे अशक्य आहे काय? जरा सीमेपलीकडे पाहा. कर्नाटकाने 2025 मध्ये अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. कामावरून दूर करण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची सूचना देणे त्यात बंधनकारक केले. त्याआधी 2023 मध्ये राजस्थानने देशातला असा पहिला कायदा केला होता. एप्रिल 2023 मध्ये हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबर आणि ओलाच्या चालकांच्या बाजूने कौल दिला आणि संगणकाने घेतलेल्या निर्णयामागचे कारण चालकाला सांगावे लागेल असे ठरवले. बेंगळुरूमध्ये रिक्षाचालकांच्या युनियनच्या सहभागाने ‘नम्मा यात्री’ हे अ‍ॅप उभे राहिले. त्यात फेरीमागे कमिशन कापले जात नाही, आणि त्याची संगणकीय रचना कोणालाही पाहता येते. अ‍ॅप हे यंत्र आहे, ते कोणाच्या हाती आहे हा खरा प्रश्न.

आता थोडे आपल्याच घरातले बोलू. मीटर नको, अ‍ॅप नको, दर आम्ही सांगू तो, असे म्हणून चालणार नाही. रात्री मोपावर उतरलेल्या डिचोलीच्या म्हाताऱ्या जोडप्याला घरी जायला किती पैसे पडणार हे आधी कळायला हवे. तोही आपलाच माणूस आहे. मीटर बसवूनही तो न चालवणाऱ्याने कंपनीच्या मनमानीबद्दल तक्रार केली तर लोक हसतील. पारदर्शक हिशोब मागायचा तर आपला हिशोबही पारदर्शक असावा लागतो. स्थानिकांचा पहिला हक्क आम्हीही मानतो, कारण जमीन आमची गेली. पण तो हक्क टिकवायचा असेल तर प्रवासी आपल्या बाजूला असला पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ‘अ‍ॅप हटवा’ ही घोषणा बाजूला ठेवून पेडणे आणि डिचोलीच्या टॅक्सीचालकांनी, ग्रामसभांनी आणि मराठीप्रेमी संस्थांनी मिळून चार गोष्टी मागाव्यात. महामंडळाचा अ‍ॅपशी झालेला करार कोकणी आणि मराठीत छापून पंचायतीच्या फलकावर लावावा. चालकाचा करार आणि प्रवाशाची संमती याच दोन भाषांत मिळावी, त्यासाठी मे 2027 ची वाट पाहू नये. लेखी कारण आणि मुदतीची सूचना दिल्याशिवाय कोणाचा आयडी बंद होऊ नये, आणि त्यावर दाद मागायला पेडण्यात माणूस बसलेले कार्यालय असावे. आणि स्थानिक चालकांची सहकारी संस्था स्वतःचे अ‍ॅप चालवू पाहील तर तिला विमानतळावर बरोबरीची जागा मिळावी.

कूळ कायदा होऊन साठ वर्षे उलटली तरी आजही कित्येक कुळांच्या नावावर जमीन चढलेली नाही, मामलेदाराच्या कचेरीत खेटे चालूच आहेत. कायदा असून ही गत, तर नसता तर काय झाले असते? विधानसभेच्या येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने या चार मागण्यांचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत आपल्या आमदाराच्या हाती द्यावी. ठराव मराठीत लिहावा, आणि उत्तरही मराठीतच मागावे.