ययातीचा मिटणारा डोळा

शर्मिष्ठा, देवयानी आणि त्यांच्या शेजारी ययाती. तारकासमूहांना ही नावं ठेवणाऱ्याला आकाशातही संसाराची कटकट हवी होती बहुधा. ययातीतला अल्गोल हा तारा (अरबी नावाचा अर्थ पिशाच्च) एरवी चांगला ठळक. पण दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो, तेज जेमतेम एक तृतीयांश उरतं आणि काही तासांत पूर्ववत. १७८२ मध्ये यॉर्कच्या जॉन गुडरिकने हे वेळापत्रक टिपायला घेतलं. वय १८, लहानपणापासून ठार बहिरा. एखादा काळोखा सोबती ताऱ्यापुढून जात असावा, हा त्याचा तर्क. पुढे गुडरिक २१व्या वर्षीच गेला. तर्कावर शिक्कामोर्तब झालं १८८९ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ फोगेल यांनी ताऱ्याचा वर्णपट तपासल्यावर. मला या शोधाचं अप्रूप वाटतं, कारण त्याला चिकाटी सोडून फारसं काही लागलं नव्हतं. डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास अल्गोल उत्तरेला बराच उंच असतो. देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याशी त्याची तुलना करा. एरवी दोघं सारखेच दिसतात. अल्गोल स्पष्ट फिका वाटला, तर ग्रहण चालू आहे.