शॉकअप, स्प्रिंगा आणि आजीचा मणका

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत आजीने माझ्या गाडीत बसायला साफ नकार दिला.

"तुझी गाडी ऱ्हाऊ दे बाबा. मी आपली यष्टीनं जाते."

शेवगावहून नगरला डॉक्टरकडे जायचं होतं. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून "नगरला चाललोय" असंच म्हणतात.) आजीच्या मणक्यात गॅप आहे, महिन्या-दीड महिन्यानं दाखवायला न्यावं लागतं. आणि दारात मी उभा, दोन इंच उचललेली थार घेऊन. चार वर्षं मेकॅनिकल शिकलेला, त्यात एक अख्खा पेपर व्हायब्रेशनचा दिलेला, आणि आता हिंजवडीत जावा लिहिणारा नातू. ऐंशी वर्षांची बाई एसटीची पायरी चढायला तयार आहे, पण आपल्या गाडीत बसायला नाही, यापेक्षा मोठा बग रिपोर्ट मला आजवर आलेला नाही.

पार्श्वभूमी सांगतो. गाडी घेतली तेव्हा कारण खरं होतं. आमची वस्ती गावापासून चार किलोमीटर आत, मध्ये ओढा, आणि सगळी काळी जमीन. पावसाळ्यात साध्या गाडीचं तिथे काम नाही. पण गाडी घेतल्यावर माणूस गप्प बसतो थोडाच? पुण्यातल्या ज्या ग्रुपबरोबर मी वीकेंडला चिखल तुडवायला जातो, तिथे प्रत्येकाची गाडी माझ्यापेक्षा उंच. शेवटी एका दुकानात गेलो. (दुकानाचं नाव सांगत नाही, कारण चूक शंभर टक्के माझी होती.) त्या माणसाने बिचाऱ्याने योग्य प्रश्न विचारले. पुढे विंच लावणार का? स्टीलचा बंपर? टपावर तंबू? मागे सामान कायम असणार का? मी सगळ्याला "लावणार, लावणार" म्हणत गेलो. सगळा भविष्यकाळ! त्याने त्या भविष्यकाळाला साजेशा जाड स्प्रिंगा दिल्या. शॉकअप मात्र "सध्या जुनेच राहू द्या, चांगले आहेत," हेही मीच म्हणालो, पैसे वाचवायला. उद्या दहा लाख युजर येतील म्हणून आजच भलामोठा सर्व्हर घेऊन ठेवणाऱ्या मॅनेजरला आम्ही कँटीनमध्ये हसतो. मी वेगळं काय केलं?

आता थोडं पुस्तकी बोलतो, कंटाळू नका.

शॉकअप हे नावच फसवं आहे. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही. खड्ड्याचा धक्का आधी टायर घेतो, मग स्प्रिंग. शॉकअपचं काम वेगळंच: स्प्रिंगचं हलणं थांबवणं. झोपाळा आठवा. कड्या आणि दोर म्हणजे स्प्रिंग, आणि "बास आता" म्हणून जमिनीला टेकवलेला पाय म्हणजे शॉकअप. पाय टेकवलाच नाही तर झोपाळा हलतच राहतो, दाबून धरला तर हलतच नाही. आत असतं तेल. ते बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते. बस, इतकंच.

गाडी किती मऊ वाटणार हे नुसत्या स्प्रिंगवर ठरत नाही. स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन, या दोघांच्या भागाकारावर ठरतं. त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि दोन पायने भागायचं, की गाडी सेकंदाला किती वेळा खालीवर होऊ पाहते ते कळतं. आरामशीर गाड्यांमध्ये हा आकडा साधारण एक ते दीड हर्ट्झ. माणसाच्या अंगाला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास देतात ते साधारण चार ते आठ हर्ट्झचे हादरे. आयएसओ २६३१ हे मानक याच पट्ट्याला सगळ्यात जास्त वजन देतं. म्हणजे स्प्रिंग जितकी कडक कराल तितके तुम्ही मणक्याच्या नावडत्या पट्ट्याकडे सरकणार.

समजा मागच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंगचा कडकपणा, चाकापाशी मोजलेला, मिलिमीटरला ३० न्यूटन आहे. उत्तर येतं १.६ हर्ट्झ. ठीकठाक. आता तिथे ४५ न्यूटनची स्प्रिंग घाला. उत्तर १.९५. तेच परत १.६ वर आणायचं असेल तर? प्रत्येक चाकावर दीडशे किलो वाढवा, म्हणजे गाडीच्या मागे कायमचे ३०० किलो. माझ्या गाडीत मागे काय असतं? लॅपटॉपची बॅग आणि आईने दिलेली ज्वारीची पिशवी.

आणखी एक गंमत. ३० न्यूटनची स्प्रिंग त्या वजनाखाली ९८ मिलिमीटर दबते, ४५ ची ६५. म्हणजे लांबी तीच ठेवून नुसती कडक स्प्रिंग घातली तरी गाडी सव्वा इंच वर आली! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लिफ्ट केली. खरं म्हणजे स्प्रिंग दबलीच नाही. माझ्या दोन इंचांतला बराचसा भाग असाच होता.

हे सगळं मला लहानपणीच कळायला हवं होतं. शेवगाव-पाथर्डी, शेवगाव-पैठण या रस्त्यांवर तेव्हा काळ्यापिवळ्या जिपा चालायच्या. आत किती माणसं हे विचारू नका. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर बसायचा. एवढं वजन पेलायला मागच्या पाट्यांमध्ये जादा पाटे घातलेले असायचे. बाजाराच्या दिवशी जीप खच्चून भरली की मस्त, बोटीसारखी झुलत जायची. आणि दुपारी परतीला आम्ही तिघेच असलो, की तीच जीप, तोच रस्ता, आणि दात वाजायचे. आजी तेव्हा म्हणायची, "भरलेल्या गाडीत बसावं, रिकाम्या गाडीत हाडं मोडत्यात." इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नाही. (पाट्यांमध्ये आणखी एक भानगड असते. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे लहानसहान खड्ड्यांना ते हलतच नाहीत. कॉइल स्प्रिंगला हा त्रास नाही. २०१० च्या थारला मागे पाटे होते, २०२० मध्ये आलेल्या थारला चारही बाजूंना कॉइल आल्या, तो फरक मागे बसणाऱ्याला लगेच कळतो.)

बरं, नुसत्या स्प्रिंगवर भागलं असतं तर आजी कदाचित बसली असती. खरा घोळ शॉकअपचा होता. मागच्या सीटवर फोन चिकटपट्टीने लावून ॲक्सेलरोमीटरची नोंद घेतली आणि रविवारभर आलेख काढत बसलो. (हो, मला दुसरी कामं नाहीत.) सगळ्यात मोठे काटे चाक खड्ड्याच्या काठावर आपटतानाचे असतील असं वाटलं होतं. ते निघाले चाक खड्ड्यात उतरतानाचे. कारण साधं आहे. शॉकअपची लांबी ठरलेली असते. मूळ उंचीवर चाकाला खाली लोंबायला समजा ९० मिलिमीटर जागा होती. मी गाडी ५० ने उचलली, शॉकअप तेच, उरले ४०. चाक जरा खोल गेलं की शॉकअप पूर्ण ताणून आतल्या आत ठण्णकन वाजणार. लिफ्ट करताना शॉकअपची उघडी आणि मिटलेली, दोन्ही लांबी नव्या उंचीला जुळते का हे बघितलंच पाहिजे. आधी शॉकअप ठरवा, मग स्प्रिंग, असं मी आता म्हणेन. पैसे कमी असतील तर तेही शॉकअपवरच घाला.

आणि कुठला शॉकअप, हे तुमचा रस्ता ठरवतो. आमच्याकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. वर उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. पुण्याच्या माणसाला खराब रस्ता म्हणजे खड्डे वाटतात. इकडे खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त. ताशी ६० ने जाताना दहा-एक मीटरची लाट आली की ती बरोबर १.६ हर्ट्झने गाडीला झोके देते, म्हणजे नेमकं तिच्या आवडत्या तालावर. तिथे स्प्रिंग परत उसळताना धरून ठेवणारा शॉकअप लागतो, ज्याला रिबाउंड म्हणतात. तो कमी असेल तर एका लाटेवर उडी, दुसरीवर आपटणं. उलट वस्तीच्या खडीच्या रस्त्यावर बारीक बारीक थरथर. तिथे दाबतानाचा विरोध जास्त असला की प्रत्येक खडा ढुंगणाला कळतो. म्हणून मला हवा होता उसळताना घट्ट, दाबताना मवाळ. दुकानदाराला हे असंच्या असं मराठीत सांगा, जाणता असेल तर त्याला कळतं. बाहेर तेलाची वेगळी टाकी लोंबणारे महागडे शॉकअप घरच्या गाडीला लागत नाहीत. ते तासन्‌तास खडबडीत रस्त्यावर वेगाने पळवणाऱ्यांसाठी, तेल तापून पातळ होऊ नये म्हणून. बाकी स्प्रिंगखालची चकती फिरवून गाडी "कडक" करता येते हा गैरसमज. सरळ स्प्रिंग असेल तर त्याने फक्त उंची बदलते.

मग केलं काय? आधी गाडीचं वजन केलं. आमच्या भागात वजनकाट्यांना तोटा नाही, ऊस आणि कापूस दोन्ही. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. पुढे ९८०, मागे ७८०. काट्यावरचा माणूस म्हणाला, "दादा, मागं काय टाकलं नाही का?" नगरलाच वाहननगरला डीआरडीओची व्हीआरडीई आहे, वाहनांच्या चाचण्यांसाठी तिथे खास ट्रॅक आहेत. कुठल्याही गाडीच्या चाचणीत रिकामं वजन आणि भरलेलं वजन हे दोन आकडे आधी लागतात. आणि मी, त्या संस्थेपासून दीड-दोन तासांवर वाढलेला, लाखाच्या घरात खर्च करून झाल्यावर वीस रुपयांच्या पावतीवर ते बघत होतो.

मूळ स्प्रिंगा वस्तीवर गोणीत पडल्या होत्या. त्या परत बसवल्या आणि मूळ लांबीचेच पण जरा बऱ्यातले शॉकअप घेतले. टायरमधली हवा कंपनीच्या स्टिकरप्रमाणे केली (मी उगाच पाच पीएसआय जास्त ठेवत होतो, गाडी "टाइट" वाटते म्हणून). वस्तीच्या रस्त्याला लागलो की आणखी थोडी कमी करतो आणि हायवेच्या आधी परत भरतो. सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन म्हणजे ही हवा, आणि तिची पोस्ट कुणी टाकत नाही, कारण फोटोत दिसत नाही :)

उंची गेल्याचं वाईट वाटलं का? पहिले दोन आठवडे वाटलं. पण मागचा सरळ एक्सल, त्याच्या मधला तो गोळा, स्प्रिंगने वर उचललाच जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. लिफ्टने मिळतं ते नाकाखालचं आणि पोटाखालचं अंतर. आमच्या ओढ्याला आणि चिखलाला मूळचे २२६ मिलिमीटर आणि चांगल्या नक्षीचे टायर पुरतात. आणि कायद्याचंही आहेच. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये ती आणखी स्पष्ट केली. ग्रुपवर हा विषय काढला की सगळे एकदम "बिझी" होतात.

लिफ्ट वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या काढलेल्या जाड स्प्रिंगा ग्रुपमधल्या एका मित्राने नेल्या. त्याच्या गाडीवर टपावर तंबू, मागे फ्रिज, ड्रॉवर, पाण्याचे कॅन, आणि हे सगळं बाराही महिने. त्याने जुळत्या लांबीचे शॉकअप घेतले. परवा त्याच्या मागच्या सीटवर बसून ताम्हिणीला जाऊन आलो. दोन इंच उंच, त्याच माझ्या स्प्रिंगा, आणि गाडी अशी मऊ, की मला काळ्यापिवळीची आठवण झाली.

मागच्या सीटवर बसून, हे महत्त्वाचं. मी माझी लिफ्ट केलेली गाडी सहा महिने चालवली आणि एकदाही मागे बसलो नव्हतो. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा आधी दिसतो, हातात स्टिअरिंग असतं, अंग आपोआप तयार होतं. मागे बसलेल्याला यातलं काहीच नसतं. त्यात गाडी आखूड असली की मागची सीट जवळजवळ एक्सलवरच येते. आजी एसटीत कायम मधली सीट धरते, दोन चाकांच्या मध्ये. कुठून शिकली कोण जाणे. नवे शॉकअप बसवल्यावर मित्राला चालवायला लावून मी मागे बसलो, अमरापूरपर्यंत जाऊन आलो, आणि मगच पैसे दिले.

असो. गेल्या महिन्यात आजीला नगरला नेलं. पुढच्या सीटवर बसवलं. तिसगावपर्यंत ती कापसाच्या भावाबद्दल बोलत होती, करंजी घाट लागायच्या आत घोरायला लागली. चढायला मात्र तिला अजूनही खाली जेवणाचा पाट ठेवावा लागतो. तो आता गाडीतच असतो, मागे, ज्वारीच्या पिशवीशेजारी.