निवांत गांवाची स्तुति

फ्रान्सहून परत आलेल्या आमच्या प्रवासवर्णनकारांच्या लेखांत एक वाक्य हटकून सांपडतें : अमक्या नदीच्या खोऱ्यांत एक चिमुकलें गांव लागलें, आणि तेथें काळ जणूं थांबून राहिला होता. हें वाक्य खोटें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें नुसतें खोटें नव्हे, त्या गांवच्या लोकांवर अन्याय करणारेंही आहे.

लॉट नदीच्या कांठीं, पाण्यापासून सुमारें 100 मीटर उंच कड्यावर सँ सिर लापोपी हें असेंच एक नांवाजलेलें गांव आहे. आम्ही गेलों तेव्हां हंगाम सरला होता. चढत्या गल्लींत आमच्या पावलांखेरीज आवाज नव्हता. वर तपकिरी कौलें, खालीं झाडांआड हिरवें पाणी. मोह आम्हांसही पडला, हें कबूल केलें पाहिजे. पण गल्ल्यांचीं नांवें विचारलीं, आणि मोह उतरला. एक गल्ली कातडें कमावणाऱ्यांची. दुसरी, आपल्याकडे जशी तांबट आळी, तशी तांबटांची. येथें कातारीही पुष्कळ असत. मद्याच्या पिंपांना बसवावयाच्या लांकडी तोट्या ते कातीत. खालून काओरचें मद्य लादलेल्या नावा बोर्दोकडे जात, आणि त्या प्रवाहाविरुद्ध ओढून आणण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत कड्याचा खडक कोरून वाट केलेली आहे. तीवरून आजही चालतां येतें. दोर ओढणारीं माणसें व घोडे मात्र मनांत आणावे लागतात. हें गांव निवांत होतें कधीं? येथें दिवसभर ठोकठोक चालली असेल!

मग फायलोक्सेरा नांवाच्या किडीनें 1870 नंतरच्या वर्षांत द्राक्षमळे वठविले. 1886 सालीं काओर ते कापदनाक लोहमार्ग झाला, आणि नावांचा धंदा बसला. पिंपेंच उरलीं नाहींत तर तोटी कोणासाठीं कातावयाची? लोक पोटामागें गेले. (त्या लोहमार्गावरूनही आतां उतारूंची गाडी धांवत नाहीं.) जी शांतता आमचे लेखक निसर्गाची देणगी म्हणून वाखाणतात, ती अशी बसलेल्या धंद्यांची आहे. कवि आंद्रे ब्रतों 1950 सालीं येथें प्रथम आला, भुलला, पुढें त्यानें येथें घरही घेतलें. त्याची जागा रिकामी झाली होती, म्हणूनच ना?

कोणी म्हणतील, प्रवाशांच्या पैशावरच आज हीं छपरें उभीं आहेत. खरें आहे. 2012 सालीं फ्रेंच जनतेनें ह्यास आपलें आवडतें गांव म्हणून कौल दिला; रहिवासी अवघे दोनशेंच्या आसपास, आणि पाहुणे वर्षाला लाखोंनीं. उन्हाळ्यांत त्याच गल्लींत खांद्याला खांदा घासतो. म्हणजे शांतताही हंगामापुरतीच! प्रवाशानें जाऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें भांडण त्या थांबलेल्या काळाशीं आहे. आम्ही उतरलों होतों त्या गल्लींत रात्रीं एकाच खिडकींत दिवा होता. बाकीच्या घरांचे मालक उन्हाळ्यांत येतात, असें कळलें.

तेव्हां ज्यांस तें वाक्य पुन्हां लिहावयाचें असेल, त्यांनीं एकदां जानेवारींत जावें. पाव कोठें मिळतो, मुलें कोणत्या शाळेंत जातात, हें त्या एका खिडकीवाल्याला विचारावें, आणि मग लेखणी उचलावी.