मोटारींची दालने आणि न मोजलेले तास

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे तास वाढविण्यास मान्यता दिली. या दोन निर्णयांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु मोटारविक्रीच्या दालनात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते एकदमच आले.

आपल्या जिल्ह्यात हा माणूस दुर्मिळ राहिलेला नाही. चौदा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्याला अहिल्यानगर आणि श्रीरामपूर अशी दोन वाहननोंदणी कार्यालये लागतात. शहराबाहेर पडणाऱ्या पुणे व मनमाड रस्त्यांच्या कडेने काचेच्या भिंतींची दालने उभी आहेत. उसाचे पैसे हाती आले की ट्रॅक्टर, दसऱ्या-पाडव्याला मोटार, हा येथील सधन शेतकऱ्याचा शिरस्ता. या दालनांतून काम करणारी बहुतेक मुले आमच्यासारख्यांच्या वर्गांतून वाणिज्याची वा कलाशाखेची पदवी घेऊन गेलेली असतात. सकाळी साडेनऊला हजर व्हावयाचे आणि शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत, म्हणजे रात्री आठपर्यंत तरी थांबावयाचे, हा त्यांचा दिवस. मुहूर्ताच्या दिवसांत तर त्याला अंतच नसतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट दराने वेतन ठरविले आणि असे जादा तास तीन महिन्यांत १२५ हून अधिक असू नयेत असे म्हटले. सप्टेंबरच्या निर्णयाने ही मर्यादा १४४ तासांवर नेण्याचे ठरले. दिवसाचे तास ९ ऐवजी १० आणि कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी कामगारांची संख्या १० ऐवजी २०. यावर कामगारांच्या बाजूने टीका झाली, उद्योजकांच्या बाजूने स्वागत झाले. दोन्ही पक्षांनी एक साधा गुणाकार मात्र केलेला दिसत नाही.

साडेनऊ ते आठ यांतून अर्ध्या तासाची सुटी वजा केली की दहा तास उरतात. सहा दिवसांचे साठ. म्हणजे आठवड्याला १२ तास जादा आणि तेरा आठवड्यांच्या तिमाहीत १५६. दालनांचा रोजचा रिवाज जुन्या मर्यादेत बसत नव्हता आणि वाढविलेल्या मर्यादेतही बसत नाही. समजा, पगार १५,६०० रुपये आहे. महिन्याच्या २०८ तासांनी भागले तर तासाला ७५ रुपये, दुप्पट दराने १५०. तिमाहीचे २३,४०० रुपये होतात. दीड महिन्याचा पगार दर तीन महिन्यांना कुठेही न नोंदता नाहीसा होतो.

तो नाहीसा कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. पहिली युक्ती पदनामाची. व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना २०१७ च्या कायद्याने सूट दिली. मग कालपरवा लागलेला मुलगाही 'टीम लीडर' होतो. अशा पदांची यादी संकेतस्थळावर वा दर्शनी भागी लावण्याची अट त्याच कायद्यात आहे, तिचे स्मरण कोणाला नसते. दुसरी युक्ती कमिशनची. 'गाडी विकलीस की मिळेलच' असे सांगून मूळ पगार तुटपुंजा ठेवावयाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेने या वाटेवर थोडा अडसर घातला आहे. कमिशन, घरभाडे इत्यादी वगळावयाच्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. मूळ पगार १३,००० आणि कमिशन १७,००० असेल, तर वेतन १५,००० धरले जाईल. जादा तासांचा दर त्यावर.

मागच्या बाजूच्या वर्कशॉपची तऱ्हा निराळी. दुरुस्ती ही कायद्याच्या लेखी उत्पादनप्रक्रियाच असल्याने विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या वर्कशॉपात वीस कामगार झाले की तो कारखाना ठरतो. एकाच छपराखाली पुढे दुकान आणि मागे कारखाना! दोहोंच्या मध्ये, गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घेणारा 'सर्व्हिस ॲडव्हायझर' नेमका कोणत्या बाजूचा, हा प्रश्न अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेथील १९३८ च्या श्रमकायद्यात मोटारी विकणारे, सुटे भाग देणारे व मेकॅनिक यांना जादा वेतनाच्या तरतुदीतून वगळले आहे. कॅलिफोर्नियातील एका विक्रेत्याच्या खटल्यात २०१८ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी सर्व्हिस ॲडव्हायझरही त्याच सुटीत बसतो असे ठरले. तो निकाल पटो न पटो, तेथे सूट मिळाली ती कायद्याच्या अक्षरांवर वाद घालून. आपल्याकडे मोटारविक्रीच्या धंद्याला अशी कोणतीही सूट कायद्याने दिलेली नाही. ती रिवाजाने घेतली गेली आहे.

विक्रेत्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. गाडीची किंमत कंपनी ठरवते, नफ्याचे प्रमाण कंपनी ठरवते, महिन्याचे 'टार्गेट'ही तीच देते. दुप्पट दराने पैसे द्यावयाचे तर आणावयाचे कोठून? परंतु दुप्पट दराचा हेतूच मुळी येथे लक्षात घेतला जात नाही. तो केवळ श्रमाचा मोबदला नव्हे. थकलेल्या माणसाला आणखी राबवण्यापेक्षा दुसरा माणूस नेमणे मालकाला स्वस्त पडावे, यासाठी तो आहे. चौघांचे आठवड्याचे १२-१२ जादा तास एकत्र केले की ४८ होतात. म्हणजे एक पूर्ण नोकरी. ते तास फुकट मिळत असतील तर पाचवा माणूस कोण नेमील? पदवी घेऊन घरी बसलेल्या पाचव्या मुलाची नोकरी कामावर असलेले चौघे नकळत करीत आहेत, आणि त्या नोकरीचा पगार कोणालाच मिळत नाही.

वीसपेक्षा कमी माणसे असलेल्या तालुक्याच्या गावच्या शाखांनी आपण सुटलो असे मानू नये. वेतन संहितेतील किमान वेतन व दुप्पट दर यांना कामगारसंख्येची अट नाही. दावा दाखल करण्यास तीन वर्षांची मुदत आहे, तो कामगार संघटनेलाही करता येतो, आणि मुख्य म्हणजे पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेच्या दहापट भरपाईचा आदेश होऊ शकतो. अर्थात नोकरीत असताना मालकाविरुद्ध दावा कोण करणार, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच संहितेने निरीक्षकाचा 'निरीक्षक-नि-सुविधाकार' केला असला, तरी दावा दाखल करण्याचा अधिकार त्यालाही दिला आहे, हे महत्त्वाचे.

अंगठा लावून हजेरी घेणारी यंत्रे आता अनेक दालनांतून आहेत. उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापताना त्यांचा आधार घेतला जातो. घरी जाण्याची वेळही तेच यंत्र नोंदवीत असते. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या, दसरा-दिवाळी दोन्ही असलेल्या एकाच तिमाहीच्या नोंदी मागवाव्यात आणि त्याच महिन्यांच्या पगारपत्रकांशी ताडून पाहाव्यात.