बेनामी रोखे आणि लढाईचा हिशेब

लढाईचा पैसा कुणाच्या वहीत, कुठल्या नावाने लिहिला जातो, हे आम्हा व्यापाऱ्यांना तरी वाचता आले पाहिजे. ब्रिटनचेच पाहा. पहिले महायुद्ध पेटल्यावर नोव्हेंबर 1914 मध्ये तिथल्या सरकारने 35 कोटी पौंडांचे युद्धकर्ज काढले. व्याज साडेतीन टक्के, शंभराचा रोखा पंचाण्णवला. एवढी सवलत देऊनही लोकांकडून जमले जेमतेम 9 कोटी 11 लाख!

ही फजिती उघड झाली असती तर रोख्यांचे भाव कोसळले असते. मग बँक ऑफ इंग्लंडनेच उरलेले रोखे उचलले. पण स्वतःच्या नावावर नव्हे, मुख्य रोखपाल आणि त्याचा सहायक यांच्या नावांवर. आपल्या बाजारात याला बेनामी म्हणतात. ताळेबंदात ही रक्कम 'इतर रोखे' या सदरात दडवली. फायनान्शियल टाइम्सने तर कर्जाला मागणीपेक्षा जास्त पैसा आल्याचे छापले. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने गुप्त टिपणात या हातचलाखीची वाहवा केली. आणि ही बँक तेव्हा खासगी भागधारकांची होती. ती सरकारजमा झाली 1946 मध्ये.

सैन्याच्या हालचाली गुप्त असाव्यात, हे आम्हाला मान्य. पण कर्ज कुणी दिले हे का लपवावे? फेडणार तर करदाताच. आमच्या कारागिराने वहीत असे खोटे नाव घातले, तर त्याला कोण सोडील? लढाई 1918 मध्ये थांबली, तेव्हा तरी हिशेब मांडायचा. तो अभ्यासकांनी बँकेच्या जुन्या वह्यांतून बाहेर काढला 2017 मध्ये.