सापडलं म्हणजे आपलं झालं?

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहिते आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात आमच्या इथल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न आला. चौथीतल्या मुलाला सॉकरच्या मैदानावर एअरपॉड्स सापडले. आसपास कोणी नव्हतं. त्याने घरी आणले आणि आईला विचारलं, "आता काय करायचं?" आईने ग्रुपवर विचारलं. धडाधड उत्तरं आली. "लकी आहे पोरगा!" "ज्याचे हरवले त्याने एव्हाना नवीन घेतले असतील." "फाइंडर्स कीपर्स!" मैदानाच्या ऑफिसात नेऊन द्या म्हणणारे दोघेच, आणि त्यांनाही हसायचे इमोजी मिळाले.

हेच आपण लोक दर रविवारी तासभर गाडी चालवून मुलांना मराठी शाळेत नेतो. कशासाठी? तर संस्कारांसाठी!

"अहो, अमेरिकेत असंच चालतं" म्हणणाऱ्यांसाठी आधी कायदा सांगते. कॅलिफोर्नियात मालक शोधण्याचा मार्ग असताना वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू ठेवून घेतली, तर ती चोरी धरतात. दंडसंहितेचं कलम ४८५. मालक माहीत नसेल आणि वस्तू १०० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, तर ती पोलिसांकडे द्यायची. मालकाला ९० दिवस मिळतात. किंमत २५० डॉलर किंवा वर असेल तर त्यानंतर वर्तमानपत्रात नोटीस. तरीही कोणी आलं नाही, तर नोटिशीचा खर्च भरून वस्तू सापडणाऱ्याची होऊ शकते. न्यूयॉर्क राज्यात तर २० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू १० दिवसांत मालकाला किंवा पोलिसांकडे द्यावी लागते. मुद्दाम टाळलं तर गुन्हा.

म्हणजे सापडणाऱ्यालाही हक्क आहे, पण तो सगळ्यात शेवटी. आधी शोधायचं, मग वाट बघायची, मग हक्क. आपण मुलांना फक्त शेवटची पायरी शिकवतोय.

आता दुसरं टोक. काही जण म्हणतात, "परत दे रे बाबा, उगाच आपल्या व्हिसाचं लफडं नको." भीती खोटी नाही. चोरीचा गुन्हा नावावर लागला तर इमिग्रेशनमध्ये खरंच महागात पडू शकतं. पण मुलाला हे कारण देऊ नका. उद्या तो सिटिझन होईल, मैदानावर कॅमेरा नसेल, तेव्हा त्याने काय करायचं? परत द्यायचं कारण एकच: ती वस्तू कोणाची तरी आहे आणि तो माणूस ती शोधतोय. दिवाळीच्या कार्यक्रमात हातातली पाटली पडली, तर आपण हॉलमधल्या खुर्च्याखालून रांगत फिरतो ना? तेव्हा जिला ती सापडली तिने "मी लकी" म्हणावं असं वाटेल का?

"इथल्यांचं जाऊ द्या, आपण इंडियन लोक असेच" हाही एक लाडका डायलॉग. २०१३ साली रीडर्स डायजेस्टने १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम टाकली. आत साधारण ५० डॉलरएवढे पैसे, फोन नंबर आणि घरच्यांचा फोटो. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा, ९. न्यूयॉर्कमध्ये ८. प्रयोग छोटा आहे, त्यावरून शहरांना सर्टिफिकेट देऊ नये. पण "आपण असेच" हे तरी आता बंद करू या.

त्याहून मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' मासिकात आला. ४० देश, १७,००० वर पाकिटं. बहुतेक सगळीकडे रिकाम्यापेक्षा पैसे असलेली पाकिटं परत करायला जास्त लोक पुढे आले. संशोधकांच्या मते एक मोठं कारण हे, की माणसाला स्वतःच्या नजरेत चोर व्हायचं नसतं.

आणि इथेच माझा खरा आक्षेप आहे. त्या चौथीतल्या मुलाने विचारलं होतं! त्याच्या मनाला काहीतरी टोचत होतं म्हणून विचारलं. आणि आपण चाळीस मोठ्या माणसांनी मिळून ते टोचणं बंद करून दिलं. "लकी", "त्यांचा इन्शुरन्स असेल", "आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल", ही सगळी त्या टोचण्यावर मारलेली भुलीची इंजेक्शनं आहेत. पुढच्या वेळी तो विचारणारच नाही.

एक हरकत मात्र मला मान्य आहे. "आपला सावळा मुलगा दुसऱ्याचं पाकीट हातात घेऊन फिरताना दिसला, तर लोक त्यालाच चोर समजतील." ही काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण त्यावरचा उपाय वस्तू ठेवून घेणं हा नाही. मुलाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. शाळा, दुकान, लायब्ररी असेल तर तिथल्या काउंटरवर द्या, नाहीतर पोलिसांकडे. कोणाकडे, कधी दिलं ते लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा. वीस मिनिटांचं काम आहे.

आणि परत येताना मुलाला आईस्क्रीमचं बक्षीस नको. फक्त एवढं सांगा, "तू विचारलंस ते फार बरं केलंस." त्याला कळेल.

बघा, पटतंय का. नसेल पटत तर खाली भांडा, पण इमोजी टाकून पळू नका.